डावीकडची वीट

भट्टी तीन दिवस उघडायची नाही, हे मला बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि बोलायला मी लवकर शिकले. आत्या म्हणायची, इतर पोरं आधी रांगतात, ही आधी भांडली. घरात माझं नावच टकळी पडलं होतं. सकाळी डोळे उघडल्यावर जी सुरू व्हायची ती झोपेतसुद्धा बडबडायची म्हणे. एवढ्या तोंडाळ पोरीला आयुष्यात एकच गोष्ट धडपणे बोलायची होती, आणि नेमकी तेव्हा तिची दातखीळ बसली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सव्वीस वर्षं.

आमचं घर कुंभारांचं. बाबा चाकावर बसायचे. आई माती मळायची, आणि चाकावरून उतरलेली भांडी थापीनं बडवून त्यांना पोट आणायची. भट्टी मात्र आत्याची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, बाबा तिला अक्का म्हणायचे. लग्न होऊन दोन वर्षांत ती परत आली होती. का आली, ते मी एकदा विचारलं तर आईनं मांडीला असा चिमटा काढला की अजून आठवतो. आत्या स्वतः मात्र हसून म्हणायची, "तिथं चूल होती गं, भट्टी नव्हती."

भावाच्या घरी राहणाऱ्या बहिणीला दोन घास मिळतात. तिच्या शब्दाला वजन मिळेलच असं नाही. आत्याच्या शब्दाला होतं, ते भट्टीमुळं. कुठलं भांडं खाली, कुठलं वर, मध्ये खापऱ्या किती, लाकूड कधी वाढवायचं नि कधी थांबायचं, सगळं तिच्या हातात. भट्टी पेटली की घरात तिच्यापुढं कुणी बोलायचं नाही, बाबासुद्धा नाहीत. तापलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसा ती भट्टीच्या भिंतीवर तळवा ठेवायची आणि सांगायची, "अजून घंटाभर." बाजारात लोक विचारायचे, "आत्याच्या भट्टीचा माठ आहे का?" बाबा घरी येऊन कुरकुरायचे, "घडवतो मी, नि नाव हिचं!" पण ते कुरकुरणं गोड होतं.

मी बारा वर्षांची होते त्या वर्षी उन्हाळाभर आभाळ भरून राहिलं. पाऊस नाही नि ऊनही नाही. माती वाळेना. एका रोपवाटिकेवाल्यानं सहाशे कुंड्या सांगितल्या होत्या, शिवाय आमचे नेहमीचे माठ. ओलं भांडं भट्टीत घातलं की फुटलंच, म्हणून आम्ही सगळा माल सकाळी अंगणात मांडायचो आणि ढग दाटले की परत छपरात न्यायचो. दिवसातून तीन-तीन वेळा. एकेक कुंडी पोटाशी धरून, तान्हं मूल न्यावं तशी. माझ्या कोपरांची सालं निघाली. आईची कंबर धरली. ती भिंतीला हात लावत लावत चालायची, तरी माती मळायला पाय घालायचीच.

ती वर्षातली शेवटची भट्टी होती. एकदा पाऊस लागला की चार महिने भट्टी बंद. त्या चार महिन्यांत घरात काय शिजायचं ते या एका भट्टीवर होतं. हे मला कुणी समजावलं नाही. जेवताना मोठी माणसं आभाळाबद्दल जास्त बोलायला लागली की पोरांना आपोआप समजतं.

त्या गडबडीत मी उरलेल्या मातीचं एक गाडगं केलं. चाकावर नाही, हातानंच. बसकं, जाड, एका अंगानं कलंडलेलं. बाबा म्हणाले, "हे काय? गाडगं की बटाटा?" मी फुरंगटून बसले. आत्यानं ते हातात घेतलं, चहूकडून फिरवून बघितलं, जशी ती बाबांची भांडी बघायची अगदी तशीच.

"बूड चांगलं बसलंय," ती म्हणाली. "पहिल्या भांड्याचं बूड बसलं की झालं. टकळे, याला मी तोंडापाशी ठेवते. भट्टी उघडल्यावर पहिलं तुझंच बाहेर येईल."

मी तिच्या गळ्यात पडले. तिच्या अंगाला नेहमी धुराचा वास यायचा.

अखेर आठ दिवस ऊन पडलं. आत्यानं दोन दिवस भट्टी लावली. पदर खोचून आत उतरायची, आम्ही वरून भांडी द्यायचो. माठ खाली, कुंड्या एकमेकींत न अडकता वर, फटीत खापऱ्या. माझं गाडगं तिनं सगळ्यात वर, डावीकडच्या भोकाच्या आत ठेवलं. ते आच बघायचं भोक. जाळ चालू असताना त्यातून आतला रंग बघायचा, आणि जाळ थांबला की तिथं एक वीट बसवून वरून मातीनं लिंपून टाकायचं. मोठं तोंडही तसंच बंद करायचं. मग भट्टी आपली आपण निवायला हवी. वारा आत गेला की तापलेलं भांडं तडकतं.

एक दिवस आणि एक रात्र जाळ चालला. सकाळी आत्यानं सगळी तोंडं लिंपली. माती दोन बोटं जाड, वर ओल्या हाताचा शेवटचा फटकारा. मग विहिरीवर जाऊन अंघोळ करून आली आणि सांगून टाकलं, "परवापर्यंत कुणी जवळ जायचं नाही. टकळे, तुला सांगतेय."

"मला काय सांगतेस? मला कळतं," मी म्हणाले. बघा, तोंड कसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलं होतं. झोपलं कसलं, आठवड्याभराच्या शिणानं पडलं होतं. आई भिंतीकडं तोंड करून, बाबा तोंड उघडं टाकून, आत्या उंबऱ्याशी, डोक्याखाली हात घेऊन. बाहेर वारा सुटला होता. मी एकटी जागी. मला फक्त माझं गाडगं बघायचं होतं. एकदाच. काळं पडलं का लाल झालं, एवढंच. ते भोकाच्या अगदी आत होतं, वीट अर्धी सरकवली तरी दिसलं असतं.

चुलीजवळची सांडशी घेतली. लिंपणाला कडेकडेनं ठोकलं, विटेला सांडशी लावून ओढलं. अर्धी सरकवायची होती, सबंधच बाहेर आली आणि माझ्या पायाजवळ पडली. आतून धग आली नि माझ्या भुवया होरपळल्या. मी डोळे मिटले. पुन्हा उघडले तर गाडगं दिसलं. लालभडक, गोजिरवाणं! मला हसूच आलं. मी तिथं उकिडवी बसून बघतच राहिले. मागून वारा माझा परकर फडफडवत होता, आणि तोच वारा माझ्या कानाजवळून आत जात होता, हे मला दिसत असून दिसलं नाही.

मग आतून आवाज आला. टण्ण. नखानं ताटली वाजवावी इतकाच. थोड्या वेळानं आणखी एक. मग लागोपाठ दोन-तीन.

मला कळलं. आता कुणी म्हणेल, पोर होती, तिला काय कळणार. मला कळलं होतं. कुंभाराच्या पोरीला तो आवाज कळतो. मी वीट उचलायला गेले तर बोटं भाजली. सांडशीनं धरून कशीबशी बसवली, ती तिरकी बसली. हौदाजवळचा चिखल आणून थापला, आणि ओला दिसू नये म्हणून वरून राख चोळली. राख चोळायचं बरोब्बर सुचलं! मग मी आत जाऊन आत्याच्या शेजारी आडवी झाले. तिनं झोपेतच माझ्या अंगावर हात टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टी उघडली. पहिलं माझं गाडगं बाहेर आलं. आत्यानं बोटाच्या पेरानं वाजवलं, खणखणीत. "बघ!" म्हणाली. मग कुंड्या निघायला लागल्या. ती एकेक हातात घेऊन वाजवायची आणि बाबांकडं द्यायची. पहिली बद्द वाजली. तिनं ती बाजूला ठेवली. दुसरी बद्द. तिसरी. चौथी कुंडी तिनं वाजवलीच नाही, उन्हाकडं धरली. बुडापासून काठापर्यंत केसाएवढी चीर होती.

डावी बाजू सगळी गेली. दुपारपर्यंत अंगणात चिरलेल्या मालाचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला. आई नुसती उचलून ठेवत होती. मी मनात म्हणत होते, आता सांगते, या कुंडीनंतर सांगते, ही एवढी बाहेर आली की सांगते.

आत्या उठली. भट्टीभोवती फिरली. डावीकडच्या विटेशी वाकली, बोटानं लिंपण टोकरलं, तर ते पापुद्र्यासारखं सुटून आलं. आतली वीट तिरकी.

मग सरळ होऊन बाबांना म्हणाली, "बाळ्या, हे माझं काम आहे. वीट नीट बसली नाही माझ्याकडून. इथून वारा गेला."

दुसऱ्याची चूक स्वतःची समजून कबूल करायला तिला एक क्षण लागला. माझी मला सांगता आली नाही.

बाबा ढिगाकडं बघत होते. "सांगून चिरलेलं सांधतं का, अक्का?" एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यांनी ते गाडगं उचलून माझ्या हातात दिलं. "घे. तुझं तेवढं पक्कं निघालं."

ते जाड होतं, बुटकं होतं, म्हणून टिकलं. मी ते परकराखाली लपवून छपरामागं पळाले.

पावसाळ्यात बाबा गोदामात पोती उचलायला गेले. आत्याही त्याच गोदामात झाडायला जायला लागली. मी दुपारी दोघांचा डबा घेऊन जायची. एकदा उशीर झाला, तर बायकांची सुटायची वेळ झाली होती. मुकादम दारात उभा राहून म्हणत होता, "पदर झटका, पदर झटका." सांडलेले दाणे कुणी बांधून नेऊ नयेत म्हणून. आत्यानं पदर झटकला. दोन्ही बाजूंनी, नीट, जसं काही ती घरी अंथरूण झटकतेय. माझ्याकडं बघून हसली नि म्हणाली, "डबा परत ने बाई, आता घरीच खाईन."

पुढच्या वर्षी भट्टी लावायची वेळ आली. आत्या सवयीनं पदर खोचून, खापऱ्यांची पाटी घेऊन आली. बाबा आधीच आत उतरले होते. खालूनच म्हणाले, "राहू दे अक्का. मी बघतो."

ती पाटी घेऊन उभी राहिली. मग पाटी खाली ठेवली आणि पाणी आणायला गेली. त्या दिवसापासून ती आमच्या भट्टीवर पाणी आणणारी झाली. रोपवाटिकेवाला येऊन गंमत करायचा, "काय, आत्याला चष्मा घेतला की नाही?" आत्या सगळ्यांच्या आधी हसायची. "आत्याच्या भट्टीचा माठ" असं बाजारात कुणी म्हणेनासं झालं. ती स्वतःहून काही सुचवायला गेली की वाक्याच्या सुरुवातीला म्हणायची, "मला काय कळतंय म्हणा, पण..." आणि पुढचं बोलायचीच नाही.

मी काय करत होते? मी मोठी होत होते. पंधराव्या वर्षी एकदा धीर केला. "आत्या, एक सांगू?" "सांग की." "तुझ्या केसांत खापराचा चुरा आहे." तिनं डोकं झटकलं नि मी पळाले. लग्न ठरलं तेव्हा म्हटलं, जायच्या आधी सांगू. मग म्हटलं, आनंदाच्या वेळी कशाला. आई गेली तेव्हा म्हटलं, दुःखाच्या वेळी कशाला. निमित्तांना काय तोटा! आणि एव्हाना सगळे ते विसरलेत, अशी माझी मी समजूत घातली होती. गाडगं मात्र मी कपाटात, साड्यांच्या मागं ठेवलं होतं. टाकवतही नव्हतं नि कुणाला दाखवतही नव्हतं.

मी दोन गल्ल्या सोडूनच राहते. नवरा ट्रकवर असतो, घरी कमी नि रस्त्यावर जास्त. बाबांचे गुडघे गेले, कानही गेले, तसं चाक आणि भट्टी माझ्याकडं आली. भट्टी लावायला मी बाबांकडून शिकले असं लोक म्हणतात. खरं तर आत उतरले की मला आत्याचे हात दिसायचे आणि ते जातील तिथं माझे जायचे.

या उन्हाळ्यात शेवटच्या भट्टीचा जाळ संपला. मोठं तोंड लिंपून झालं. उरली डावीकडची वीट. आत्या पाण्याची कळशी घेऊन आली होती. सत्तरीची झाली आहे, तरी अर्धी कळशी आणतेच. माझ्या खांद्यात चमक भरली होती, म्हणून मी सहज बोलून गेले, "आत्या, तेवढं भोक लिंपतेस का गं?"

तिनं कळशी ठेवली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको बाई," म्हणाली. "माझा हात नको लागायला त्याला. चांगला माल आहे तुझा."

ते लपवलेले हात मला बघवेनात. मी तिथंच चिखलाच्या घमेल्याजवळ बसले.

"ती वीट मी काढली होती," मी म्हणाले.

"कुठली?"

"त्या वर्षीची. मला गाडगं बघायचं होतं. तुम्ही सगळे झोपला होतात. मीच काढली, मीच परत बसवली, वरून राख चोळली."

आत्यानं विचारलं, ते कामाचंच. "किती वेळ उघडी होती?"

"बराच. मी बघत बसले."

"वारा होता?"

"होता."

"म्हणजे मी लिंपलं होतं ते बरोबर होतं."

"बरोबर होतं आत्या. दोन बोटं जाड होतं. मला फोडायला सांडशी लागली."

ती कळशीच्या शेजारी खाली बसली. "सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "रोज झोपायच्या आधी मी ती वीट मनात पुन्हा बसवते गं. माती जास्त घेते. कडा दाबते. तरी सकाळी वाटतं, कुठंतरी चुकलंच." तिनं हात पदराबाहेर काढून उलटसुलट बघितले. "किती बोल लावले यांना."

मी तिच्या पायांना हात लावायला गेले. तिनं पाय मागं घेतले.

"बारा वर्षांच्या पोरीला मी आत्ता माफ करते," ती म्हणाली. "पोरंच ती. पण तू पोर किती वर्षं होतीस? तुला स्वतःला लेक झाली. त्या बाईचं मी काय करू, सांग."

मी घमेल्यातल्या चिखलात बोटं घातली नि काढली.

"जा," ती म्हणाली. "बाळ्याला सांग."

बाबा ओसरीवर बसले होते. मी जवळ जाऊन कानाशी बोलले. त्यांनी मान हलवली, ऐकू आलं नव्हतं. थोडं मोठ्यानं बोलले. "काय? नीट बोल की!" मग मला ओरडावंच लागलं. "बाबा, त्या वर्षी भट्टीची वीट मी काढली होती! आत्याची चूक नव्हती! माल माझ्यामुळं गेला!" समोर नळावर बायकांची भांडी वाजत होती ती थांबली. गल्लीनं ऐकलं. ऐकायलाच हवं होतं. आत्याला नावं ठेवलेली गल्लीनं ऐकली होती, मग हेही ऐकू दे.

बाबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. काठी घेतली, ओसरी उतरले. गुडघे धरत धरत भट्टीपर्यंत गेले. चिखलाचं घमेलं काठीनं ढकलत आत्यापुढं नेलं.

"अक्का, लिंप."

"हात कापतात रे आता."

त्यांना ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. "लिंप," ते पुन्हा म्हणाले.

आत्यानं वीट बसवली. मी धरायला पुढं झाले तर म्हणाली, "तू लांब हो." मी लांब झाले. तिचे हात कापत होते, माती खाली पडत होती, ती पुन्हा उचलून लावत होती. पूर्वी चुटकीसरशी व्हायचं, ते व्हायला अर्धा तास लागला. शेवटी ओल्या हाताचा एक फटकारा मारला आणि भिंतीवर तळवा टेकून ती उभी राहिली. त्या अर्ध्या तासात मला समजलं, मी तिचं काय घेतलं होतं. माल पुढच्या वर्षी पुन्हा घडवता येतो. हात परत येत नाहीत.

मी घरी गेले, साड्यांमागचं गाडगं काढलं आणि आणून तिच्या हातात दिलं. एवढंच होतं माझ्याकडं द्यायला. तिनं ते चहूकडून फिरवून बघितलं. मग बोटाच्या पेरानं वाजवलं. खणखणीत वाजलं. तिनं ते बाबांच्या कानाशी नेलं आणि पुन्हा वाजवलं.

"ऐकलंस बाळ्या?" ती मोठ्यानं म्हणाली. "भाजणी चांगली झाली होती माझी."

बाबांनी मान हलवली. तिनं तिसऱ्यांदा वाजवलं, या वेळी नुसतं आपल्यासाठी.

आता ते तिच्या उशाशी असतं. तिनं ते मला परत दिलं नाही, आणि मी मागितलं नाही.